जवळ कोणी असलं की वाजते

वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून मी टिटवाळ्याला राहायला गेले, त्याला आता काही वर्षं झाली. तिथली मुलं अजूनही अधूनमधून फोन करतात आणि एकच गोष्ट विचारतात, "मॅडम, तिकडे परवडतं ना?" ही मुलं म्हणजे माझ्यासारखेच मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्राम लिहिणारे इंजिनिअर. ठाण्यातल्या घराचे हप्ते भरून त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि आमचं काम असं की एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि सोल्डरिंग गन असली की ते कुठेही होतं. मी त्यांना खरं तेच सांगते. परवडतं. ठाण्यात एका खोलीला जे भाडं देत होते त्यात इथे दोन खोल्या आणि गॅलरी मिळाली. भाजी ताजी असते, रिक्षावाले नावाने ओळखतात, कुरियर येतं, इंटरनेट येतं, वीज जाते पण परतही येते. एवढं ऐकलं की मुलं खूश होऊन फोन ठेवतात. पुढचं ती विचारत नाहीत, आणि कोणी न विचारता सांगायची मला सवय नाही. छापून यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आधी धंद्याबद्दल थोडं. मी नक्की काय करते हे माझ्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगायची, जणू मी आत जाऊन बसते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटर. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये, लिफ्टमध्ये, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात तो असतो आणि जन्मभर एकच काम करतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. पाय मात्र भरपूर, त्यांना आम्ही पिना म्हणतो. एखाद्या पिनेवर वीज आहे की नाही, एवढंच त्याला समजतं. बाकीचं सगळं शहाणपण प्रोग्राम लिहिणाऱ्याने पुरवायचं, आणि ते कमी पडलं की मग गमती होतात.

कल्याणच्या एका डॉक्टरांकडे नंबर दाखवणारी पाटी बसवली होती. कंपाउंडरने बटण दाबलं की पुढचा नंबर दिसायचा. पण बटण दाबताना आतली पत्र्याची पट्टी क्षणभर थरथरते. माणसाला ते एकदाच दाबल्यासारखं वाटतं, चिपला मात्र दोनतीन वेळा दाबल्यासारखं दिसतं. त्यामुळे बाराच्या पुढे एकदम पंधरा लागायचा, आणि तेरा-चौदावाले बाह्या सरसावून उठायचे. तिथे बसवणाऱ्याने थरथर संपेपर्यंत थांबायची ओळच प्रोग्राममध्ये घातली नव्हती. मी ती घातली. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं. मधल्या पेशंटना मी न तपासताच बरं करतो, अशी आवई उठायला लागली होती."

ठाण्यातल्या एका देवळात आरतीला नगारा वाजवणारं यंत्र होतं. ते भलत्याच वेळी, एकट्याने वाजायला लागलं. कधी पहाटे, कधी देव नैवेद्यानंतर पडलेले असताना. त्यात सेकंद मोजायला जी जागा ठेवली होती ती लहान होती. ती भरली की आकडा उतू जात नाही, एकदम शून्य होतो. शून्य दिसलं की यंत्राला वाटायचं, आपल्याला आत्ताच कोणी चालू केलं, आणि चालू झाल्याची खूण म्हणून ते नगारा ठोकायचं. मी पेचकस घेऊन पोचले तोवर देव स्वतः बोलावतो अशी बातमी पसरून गर्दी वाढली होती. विश्वस्त मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, घाई नाही हो. सवडीने करा." मी सवड दिली नाही. तेव्हा माझा स्वभाव आतापेक्षाही वाईट होता.

तर हे असे दिवस. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात चूक सापडत नसली की एक ठरलेला उपाय होता. चहा आणणारे शांतारामभाऊ आले की त्यांना थांबवायचं आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून समजावून सांगायचा. त्यांना त्यातलं काही कळत नसे, ते फक्त किटली धरून मान हलवत. पण सांगता सांगता मध्येच आपण अडखळायचो आणि चूक समोर दिसायची. ते विचारायचे, "झालं?" आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. ऑफिसात कोणी डोकं धरून बसलेलं दिसलं की बाकीचे ओरडायचे, "शांतारामभाऊंना सांगून बघ!"

आई गेल्यावर मला ठाण्यात धरून ठेवणारं काही राहिलं नाही. लग्न केलं नव्हतं, भाऊ बंगलोरला. नोकरी सोडून बाहेरून कामं घ्यायची असं ठरवलं आणि स्वस्त जागा शोधत टिटवाळ्याला आले. पहिल्या महिन्यात फार छान वाटलं. कोणी मध्ये बोलायला येत नाही, फोन वाजत नाही, काम झराझर होतं. मग हळूहळू लक्षात आलं की फोन खरोखरच वाजत नाही. चूक अडली की मी कुकरला सांगायला लागले. कुकर ऐकतो, पण नको तिथे शिट्टी देतो. एकदा वाण्याने "कांदे किती देऊ?" विचारलं आणि माझा आवाज फुटेना, घशातून नुसती हवा आली. आदल्या दिवसापासून मी कोणाशी बोललेच नव्हते. एकटेपणाची मला लाज वाटते, अजूनही वाटते. तो आजारासारखा सांगताही येत नाही, कारण कोणी डॉक्टर त्याला नाव देत नाही.

अशात जुन्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. ते आता अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी बेल बनवत होते. पेशंटच्या हाताशी वायरचं बटण, भिंतीवर एक डबी, आणि घरातलं माणूस जिथे असेल तिथे वाजणारा बिनवायरचा भोंगा. शीळफाट्याजवळच्या एका गिऱ्हाइकाची तक्रार मिटत नव्हती. "तुमच्याच बाजूला आहे, जरा बघून या," मालक म्हणाले. टिटवाळा कुठे आणि शीळफाटा कुठे! पण ठाण्याच्या लोकांना मुंब्र्याच्या पुढचं सगळं एकाच बाजूला वाटतं. मी हो म्हटलं. कुठेतरी जायला मिळत होतं.

कल्याणहून बस करून गेले. नव्या टॉवरांच्या मागे जुनं गाव अजून शिल्लक होतं, त्यात बाळारामकाकांचं बैठं घर. जमिनी विकल्या होत्या, मुलगा सुनील डोंबिवलीला टॉवरमध्ये राहायला गेला होता. काका मात्र घरामागच्या तुकड्यावर माठ आणि वांगी लावून होते. त्यांची बायको, हिराकाकू, पुढच्या खोलीत पलंगावर. उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं जड आणि तुटक, डोळे मात्र तरतरीत. बटण डाव्या हातात. पलंगाच्या दुसऱ्या अंगाला खुर्ची होती आणि खुर्चीच्या मागे भिंतीवर ती डबी.

मी खुर्चीत बसले आणि काकूंना बटण दाबायला सांगितलं. घरामागे ठेवलेला भोंगा ठणठणीत वाजला. पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा वाजला.

"चालतेय की, काका."

"तू बसलीस म्हनून वाजली, बाय," काका म्हणाले. "जवल कोनी असला का वाजते. ती एकटी असली का मुकी व्हते."

धंद्यात अशी वाक्यं पुष्कळ ऐकलेली. एकाचं यंत्र फक्त गुरुवारी बंद पडायचं, एकाचं सासू आली की. मी डबी उघडून पाहिली, टाके तपासले, आणि सर्व्हिस रिपोर्टावर "दोष आढळला नाही" असं लिहून निघाले. दारापर्यंत काका आले. येताना वळून वळून आत बघत होते.

दुसऱ्या दिवशी सुनीलचा फोन आला. तो आवाज चढवून बोलत होता, पण मला वाटतं मुख्यतः घाबरलेला होता.

"मॅडम, एक काय ते फायनल सांगा. बेल चालते की नाही? गेल्या आठवड्यात आई तांब्या घ्यायला वळली आणि खाली पडली. बेल दाबत होती ती. बाबा मागे होते, त्यांना काही ऐकूच आलं नाही. आत आले तेव्हा आई लादीवर, बटण हातात. तेव्हापासून बाबा खोलीतून हलत नाहीत, आम्ही पाळी लावून बसतोय. असं किती दिवस चालणार? भरवशाचं नसेल तर मी आईला कल्याणच्या नर्सिंग सेंटरला ठेवतोय. बोलून ठेवलंय मी."

"काका काय म्हणतात?"

"बाबा काय म्हणणार? रडतात."

मग मला ती बेल गंभीरपणे घ्यावी लागली. तसलाच एक नग मी घरी मागवला. टेबलावर मांडून बटण दाबत बसले. प्रत्येक वेळी वाजला. बटण सारखं दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा एक छोटी जोडणी केली. ती ठरावीक अंतराने आपोआप बटण दाबायची आणि भोंगा वाजला की कॉम्प्युटरवर नोंद व्हायची. ते चालू ठेवून मी शेजारी दुसरं काम करत बसले. वाजत होता, वाजत होता, डोकं उठवत होता. शेवटी कंटाळून, तसंच चालू ठेवून मी भाजी आणायला गेले. भाजीवाल्याशी जरा जास्तच गप्पा मारल्या.

परत आले तर जिन्यात आवाज नाही. दार उघडलं, घर गप्प. मला वाटलं वीज गेली. पिशवी ठेवून टेबलापाशी जाऊन खुर्ची ओढली, बसले, आणि भोंगा वाजला.

कॉम्प्युटरवर बघितलं. मी बाहेर असतानाच्या काळात एकही नोंद नव्हती. बटण आपोआप दाबलं जात होतं, पण वाजलं एकदाही नव्हतं. मी उठून आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले. शांत. परत येऊन बसले. वाजला. असं मी वेड्यासारखं आतबाहेर करत राहिले. अंगावर काटा आला होता. इंजिनिअर म्हणून यायला नको होता, पण खरं सांगते, त्या घरात मी आले-गेले याची कोणी दखल घेतल्याला फार दिवस झाले होते.

झालं होतं ते असं. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, "पिन हवेत आहे." म्हणजे पिनेला कशाचाच आधार नाही. बटण दाबलं की पिन शून्यावर जाते हे ठरलेलं, पण बटण सोडल्यावर तिने कुठे राहायचं? तिला एक बारीकसा रेझिस्टर लावून वर, एकाकडे, बांधून ठेवावं लागतं. जुन्या चिपमध्ये हा आधार आतच असायचा, न सांगता मिळायचा. मध्यंतरी चिपांचा तुटवडा झाला तेव्हा कंपनीने पायाला पाय जुळणारी दुसरी चिप घेतली. तिच्यात आधार आहे, पण तो मागावा लागतो, प्रोग्राममध्ये एक ओळ लिहून. जुना प्रोग्राम तसाच उचलून टाकताना ती ओळ कोणाच्या ध्यानात आली नाही. पिन हवेत राहिली.

हवेतली पिन आसपासचं काहीही ऐकते. घरातल्या वायरिंगची गुणगुण आपल्या अंगावर असते, आपल्याला ती जाणवत नाही. माणूस डबीजवळ बसला की ती गुणगुण पिनेला लागते आणि पिन वरखाली होत राहते. माणूस उठून गेला की पिन हळूच शून्यावर येऊन पडते. आता प्रोग्राम काय बघतो? पिन वरून झटकन खाली येऊन तिथेच टिकली का, एवढंच; नुसती वरखाली तो थरथर समजून सोडून देतो. दार आधी बंद असेल तरच उघडल्याचा आवाज होतो. पिन आधीच खाली पडलेली असेल तर बटण दाबून काय होणार? काका म्हणाले होते ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

आणि ऑफिसात हे कोणालाच का सापडलं नाही? मी मालकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, आमच्याकडे तर मस्त चालतंय!"

"कारण तिथे तुम्ही बसलेले आहात," मी म्हटलं.

वागळे इस्टेटमधल्या त्या खोलीत कायम कोणीतरी असतं. टेबलाशी कोणी रेललेलं असतं, कोणी डबी हातात धरूनच तपासतं, मागून कोणी चहा घेऊन येतं. एकट्या पडलेल्या माणसासाठी वस्तू बनवली आणि ती एकटी ठेवून कोणी तपासलीच नाही. ती चूक सापडायला माझं घर लागलं. ह्याचा मला अभिमान वाटला आणि लगेच रडूही आलं. मालकांनी कुरकुरत का होईना, विकलेले सगळे नग परत बोलावले.

शीळफाट्याला दुरुस्त डबी घेऊन मी स्वतः गेले. प्रोग्राममध्ये ती ओळ घातली होतीच, वर भरवशाला रेझिस्टरही लावला होता. तपासायची पद्धत या वेळी वेगळी ठेवली. काकूंना सांगितलं, आम्ही गेलो की मनात येईल तेव्हा दाबा. मग काका आणि मी दोघंही घराबाहेर पडून मागे माठाच्या वाफ्यापाशी जाऊन उभे राहिलो. काका हातातल्या भोंग्याकडे असे बघत होते की तो आत्ता काहीतरी बोलेल. बराच वेळ गेला. काकूंना आमची गंमत करायची लहर आली असावी. मग वाजला.

काका वाफ्याच्या कडेला खाली बसले आणि टॉवेलने तोंड पुसत राहिले. "आता नाय नेनार तिला," एवढंच म्हणाले. मी वांग्यांकडे बघत उभी राहिले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती चार लोकांत मिरवली असती. पण काही आठवड्यांनी सुनीलचा पुन्हा फोन आला.

"मॅडम, आता उलटंच सुरू झालंय. बेल सारखी वाजते. आई म्हणते मी दाबली नाही. बाबा धावत जातात, तर काही नाही. परत मागे येतात, परत वाजते. शुगर आहे त्यांना, कुठेतरी पडतील. सॉरी, पण ही वस्तू काय भरवशाची नाही. मी नर्सिंग सेंटरला परत फोन केलाय, ते सोमवारी या म्हणालेत."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. माझी झोप उडाली होती. मी आधार दिलेली पिन आपोआप हलत असेल, तर मला माझ्या धंद्यातलं काहीच कळत नव्हतं असा अर्थ झाला असता, आणि त्यापायी एक बाई घराबाहेर जाणार होती. काकांना मागे पाठवलं. डबी उघडली, मीटर लावला, वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपली, बटण खोललं, पट्टी घासली, परत बसवलं. कुठे काही नाही. काकू मान वळवून माझं सगळं बघत होत्या.

"काय नाय भेटनार," त्या म्हणाल्या.

"का हो?"

त्यांना एकेक शब्द गोळा करावा लागे.

"बिघडलेली... तवा सगली बसायची. सून बसायची. पोरं मोबाईल घेऊन... पन बसायची."

"आणि आता?"

"आता बेल हाय."

मी हातातला पेचकस खाली ठेवला. मागे काका कोणाशी तरी मोठ्याने बोलत होते, बहुतेक कोंबड्यांशी.

"काकू, तुम्हीच दाबता ना? मग दाबली नाही असं का सांगता?"

"दाबली बोलली तं विचारतंय, काय पायजे." त्यांनी डावा हात थोडा उचलला आणि पुन्हा गादीवर टाकला. "काय पायजे ते मना सांगता येत नाय."

मला ते कसं कळलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. घशातून नुसती हवा येण्याचा अनुभव माझ्याही गाठीशी होता. मी त्यांचा हात धरला. पेशंटचा हात धरणं वगैरे मला जमत नाही, पण तेव्हा धरला.

"बोलू का काकांना?"

त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. छताकडे बघत राहिल्या, आणि मी ते हो समजले.

मागे काका माठाच्या जुड्या बांधत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. सर्व्हिस रिपोर्टात मावेल असं यातलं काही नव्हतं, म्हणून साधं बोलले.

"काका, बेल बिघडलेली नाही. त्याच वाजवतात."

"तिला काय व्हतंय?"

"काही होत नाही. एकट्या पडतात."

काका हातातल्या जुडीला गाठ मारत होते, ती त्यांनी सोडली आणि परत मारली. "मी हितंच तं असतंय," ते म्हणाले. "हाकेवर."

"हो. पण हाक मारायला काहीतरी कारण लागतं ना."

त्यांनी जुडी बाजूला ठेवली. मला वाटलं रागावले. शेजारी राहणाऱ्या बाईने येऊन तुमच्या संसारातलं असं काही सांगितलं तर राग येईलच, मी तर नुसती बेलवाली. मग त्यांनी पंच्याच्या झोळीत सगळा माठ गोळा केला, मातीसकट, आणि घरात गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी खुर्चीत बसून पाला मांडीवर घेतला आणि निवडायला लागले. माती लादीवर सांडत होती.

"घान करतंस," काकू म्हणाल्या. चेहऱ्याची चालणारी बाजू हसत होती.

"झारीन मंग."

मी बाहेर ओट्यावर येऊन सुनीलला फोन लावला. सांगितलं की बेलीत दोष नाही, आईलाच कोणीतरी जवळ हवं असतं म्हणून ती दाबते. सोमवारचं रद्द करा, आणि जमेल तेव्हा येऊन नुसते बसत जा, काम नसताना.

"म्हणजे मॅडम, आई मुद्दाम दाबायची?" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "मला तर कधी असं काही बोलली नाही ती."

"मला बोलली, कारण मी परकी आहे."

"रद्द करतो," तो म्हणाला. "आजच येतो."

आत येऊन मी हत्यारं पिशवीत भरायला लागले. माझं काम झालं होतं, खरं म्हणजे कामच नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"तुज्याकडं कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. एरवी मी या प्रश्नाला भावाचं नाव सांगते.

"मंग तुजी बेल कोन वाजवतंय?"

"कुरियरवाला."

त्यावर काका हसले नाहीत आणि काकूही हसल्या नाहीत. मी पिशवीची चेन लावली आणि उठले. "निघते," म्हटलं. बस आहे, उशीर होईल, पुन्हा येईन, असं जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणायला लागले.

इतक्यात मागच्या दाराशी ठेवलेला भोंगा वाजला. आम्ही दोघंही दचकलो. काका तिच्या हातभर अंतरावर बसले होते, मांडीवर अर्धा निवडलेला माठ.

"आता काय? हितंच हाय ना मी!"

काकूंनी बटण सोडलं नाही. भोंगा वाजतच राहिला आणि त्या आवाजातून त्यांनी शब्द गोळा केले.

"हिला जेवल्याबिगर सोडू नको."

काका पाला खुर्चीवर ठेवून चुलीकडे गेले. मी उभीच होते, पिशवी खांद्याला. कोणी वाट बघत नसलेल्या घरी जायची एवढी घाई मी का करत होते कोण जाणे. काकांची खुर्ची काकूंच्या बाजूला होती. मी तिच्यावरचा माठ उचलला, बसले, आणि निवडायला लागले. भोंगा थांबला.